रिलीवर येईपर्यंत

विजयाबाईला सवत होती, आणि लग्न होऊन भिलाईत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिची ओळख पटली होती. सवतीचं नाव ब्लास्ट फर्नेस. कारखान्यातली लोखंड वितळवणारी ती भट्टी दिवसरात्र पेटलेली असे, आणि विजयाबाईचे यजमान मारोतराव तिला गरम हवा पुरवणाऱ्या स्टोव्हवर फोरमन होते. भट्टीला ना दिवाळी ना दसरा. एका पाळीचा माणूस घरी जायचा तो दुसऱ्या पाळीचा माणूस समोर येऊन ‘चार्ज घेतला’ असं म्हणाल्यावरच. त्या येणाऱ्या माणसाला सगळे रिलीवर म्हणत. रिलीवर आला नाही तर आधीच्यानं जागा सोडायची नाही, मग घरी कोणी जन्माला येवो की कोणी मरो.

आणि दोन्ही झालं होतं. हिराच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारच्या भीमाबाईनं विजयाबाईला सायकलरिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मारोतराव पोचले तेव्हा पोरगी दुपट्यात गुंडाळून गाढ झोपली होती. “रिलीवर नाई आला,” दारातच ते म्हणाले, आणि मग पोरीकडे बघून रडले. पुढे वर्ध्याला विजयाबाईचे वडील वारले, तेव्हाही ती कडेवर पोर घेऊन एकटीच दुर्गहून गाडीत बसली. मारोतराव दुसऱ्या दिवशी आले. तोवर सगळं आटोपलं होतं.

बरं, कारखान्यात सगळेच काही असे हरिश्चंद्र नव्हते. अडचण आली की लोक बाजूच्याला “जरा पाह्यजो रे भाऊ” म्हणून निघत, आणि भट्टी काही त्यानं विझत नसे. एकदा विजयाबाईनं विचारलंच होतं.

“तुमी निघून आले असते तं तुमची भट्टी थंडी पडली असती का?”

“नसती पडली.”

“मंग?”

“मंग काय? रिलीवर नाई आला.”

पालथ्या घड्यावर पाणी. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण मनात एक गोष्ट तिनं जपून ठेवली होती, आणि ती कोणालाही, अगदी भीमाबाईलाही, कधी सांगितली नव्हती. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, या माणसानं माझ्यासाठी ती जागा टाकून धावत यावं. मागून मिळालं तर त्याला काय अर्थ, म्हणून तिनं ते मागितलंही नाही.

असो. तर सन शहाऐंशीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सेक्टरातल्या क्लबच्या फळ्यावर सूचना लागली, की यंदा जूनमध्ये हिमालयात पायी सफर निघणार आहे, सहकुटुंब यायचं असेल त्यांनी नावं द्यावीत. विजयाबाई तिथं महिला मंडळाच्या हळदीकुंकवाचं ठरवायला गेली होती. फळ्यासमोर ती थांबली. पहाड तिनं जन्मात पाहिला नव्हता. वर्ध्याकडचे आणि भिलाईकडचे म्हणजे उंचवटेच. पण तिच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालला होता. पहाडावर भट्टी नाही. पहाडावर भोंगा नाही. पहाडावर रिलीवर नाही. इतके दिवस हा माणूस माझा एकटीचा. तिनं तिथल्या तिथं दोघांची नावं लिहून दिली आणि हळदीकुंकवाचं विसरून घरी आली.

ऐकून हिरा हसून लोळायला लागली. ती तेव्हा कॉलेजात होती आणि तिचं मराठी घराच्या उंबऱ्यापर्यंतच चालत असे. “आई, तू पहाड चढणार? सच्ची? अरे जा ना, मस्त घूम के आओ! मी राहते भीमाकाकूकडे. लेकिन बाबा?” तिनं वडिलांकडे बघितलं. “बाबांना पहले रिलीवर मिळू दे.”

“रजा टाकतो,” मारोतराव म्हणाले. मायलेकी एकमेकींकडे बघतच राहिल्या. बावीस वर्षांत या माणसाच्या तोंडून हा शब्द आजारपणाशिवाय निघाला नव्हता. विजयाबाईला एवढा आनंद झाला की त्या दिवशी तिनं विनाकारण पुरण घातलं.

मग रोज पहाटे मैत्री बागेच्या रस्त्यानं चालण्याचा सराव सुरू झाला. विजयाबाई लुगड्यावर कॅनव्हासचे बूट घालून चाले आणि फाटकावरचे चौकीदार तोंड फिरवून हसत. हिरानं आपले दोन सलवार-कुर्ते सैल करून दिले. जवसाची चटणी झाली, शंकरपाळे झाले, कानटोप्या झाल्या. शेवटी एक दिवस दुर्ग स्टेशनवर सगळी फौज दिल्लीच्या गाडीत चढली. कोणी मिलमधलं, कोणी अकाउंट्समधलं, बहुतेक जोडीनं. पुढारी होते शेषराव, वायर रॉड मिलचे इंजिनियर, आधी दोनदा हिमालय करून आलेले आणि ते कोणाला विसरू न देणारे. माणूस मात्र मनाचा मोकळा. आणि बायकांमध्ये विजयाबाईची जोडी जमली सिंधुताईशी, जिला गाडी सुटायच्या आधीपासूनच थंडी वाजत होती.

कुल्लूच्या वरच्या एका गावातून पायवाट लागली. चढून एक खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं, असा बेत. त्या खिंडीचं नाव विजयाबाईला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही, म्हणून ती तिला नुसतीच ‘खिंड’ म्हणे. पहिल्या दिवशी देवदारांच्या सावलीतून चालताना तिला वाटलं, हे तर सोपं आहे. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, आपण मरणार. तिसऱ्या दिवशी झाडं संपली, गवत लागलं, चार पावलांवर धाप लागू लागली, डोकं ठणकू लागलं, आणि तिला काहीच वाटेनासं झालं. मग संध्याकाळी तंबूबाहेर येऊन तिनं मान वर केली. समोरचं बर्फ उन्हात गुलाबी झालं होतं. तिनं न कळत हात जोडले. देवाला सांगायला काही सुचेना, म्हणून म्हणाली, “बापा, लय झालं हे. एवढं कायले केलंस?”

बाजूला बघते तर मारोतराव नाहीत. ते स्वयंपाकाच्या तंबूत रॉकेलच्या स्टोव्हपुढे उकिडवे बसले होते आणि आचाऱ्याला ज्योत पिवळी का येते ते समजावून सांगत होते.

“अवो, बर्फ पाहा ना तिकडं!”

“आलो. हा स्टोव्ह बराबर जळून नाई राहिला.”

जित्याची खोड म्हणतात ती अशी. विजयाबाईनं कपाळाला हात लावला. पुढे तर आणखीच झालं. वाटेत ओढा आला की मारोतराव पाण्यात पाय रोवून उभे राहायचे आणि शेवटचं माणूस पार होईपर्यंत हलायचे नाहीत. कोणी सांगितलं नव्हतं. बायकोला हात देऊन पार करवायचे आणि पुन्हा माघारी जाऊन उभे. पलीकडच्या काठावर ओले पाय घेऊन ती वाट बघत बसायची, जशी भिलाईत ताट झाकून बसायची तशी. भट्टी भिलाईला राहिली होती. पण तिनं आपला माणूस काही सोडला नव्हता.

शेषरावांनी मात्र ते बरोबर हेरून ठेवलं.

खिंडीच्या दिवशी सगळे उजाडताच निघाले. निघताना तिथल्या गाइडनं बजावलं, की खिंड ओलांडून बर्फाचं पठार उतरलं की वाटेला फाटा लागतो. उजवीकडची वाट कॅम्पला जाते. डावीकडची सोपी दिसते, सरळ उतरते, पण ती नाल्यावर जाते. नाल्यावर बर्फाचा थर आहे, वरून पक्का दिसतो, खालून पाण्यानं पोकळ केलेला असतो. “उधर जो गया, वो पानी में गया,” तो शांतपणे म्हणाला. शेषरावांनी लगेच मारोतरावांना बोलावलं. “तुम्ही आमच्यासोबत पुढे चला अन् त्या फाट्यावर उभे राहा. सगळ्यांना उजवीकडे वळवा. कॅम्प लागला की मी तुमच्या जागी माणूस पाठवतो.”

मारोतरावांचा चेहरा उजळला. किती तरी दिवसांनी त्यांना कोणी काम दिलं होतं. ते पुढच्या लोकांबरोबर भराभर निघून गेले. विजयाबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. खिंडीवर दोघांनी मिळून उभं राहायचं, एवढंच तर तिनं मनात धरलं होतं.

खिंडीवर ती सिंधुताईबरोबर उभी राहिली. वारा कापत होता. सिंधुताईचे दात एवढे वाजत होते की विजयाबाईनं आपली मरून रंगाची शाल काढून तिच्या डोक्यावरून गुंडाळली. “तुले राहू दे. मले चालून घाम येऊन राहिला.” दोघींनी बिस्किट खाल्लं, खिंडीतल्या दगडाला नमस्कार केला आणि उतरायला लागल्या.

थोडं उतरल्यावर विजयाबाईला आडोसा शोधायची पाळी आली. पहाडावर बायकांची ही मोठी पंचाईत असते. पुरुषांना काय, जग मोकळं. वाटेपासून दूर एक मोठा खडक होता. “तू हो पुढं,” ती सिंधुताईला म्हणाली, “थंडीत उभी नको राहू. खाली हे उभेच आहेत, त्याइच्यासोबत येतो मी.” सिंधुताई निघाली.

खडकामागून परत निघताना विजयाबाईचा पाय सुट्या दगडांवर सरकला. घोटा असा मुरगळला की डोळ्यांपुढे अंधारी आली. ती तिथंच बसली. वाटेवरून मागच्या लोकांचे आवाज आले; ही मोठ्यानं ओरडली, पण वारा उलटा. आवाज पुढे निघून गेले. घोटा चोळून, देवाचं नाव घेऊन, कशीबशी उभी राहून ती खडकाच्या पुढे आली तेव्हा पठारावर कोणी नव्हतं. आणि पाहता पाहता खालून धुकं चढत आलं.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. धुक्यात गारा सुरू झाल्या. लोकांच्या पावलांचे ठसे बघत ती लंगडत निघाली, पण गारांनी ठसे बुजत चालले होते. हातभर अंतरापलीकडचं दिसेना. तिनं नवऱ्याला हाका मारल्या. मग शेषरावांना. मग हिराला, जी तिथून कितीतरी दूर भिलाईला असेल आणि आई मजेत आहे असं भीमाबाईला सांगत असेल. तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. आपण इथं मेलो तर पोरीचं कोण करेल, एवढंच डोक्यात. चालत राहायचं, बसायचं नाही, हे शेषराव रोज सांगायचे; म्हणून ती रडत रडत चालत राहिली.

उतार सोपा लागला. दुखऱ्या पायाला बरं वाटलं. पाय आपोआप तिकडे वळले, आणि बुडत्याला काडीचा आधार तसं तिनं स्वतःला समजावलं, उतार आहे म्हणजे कॅम्प जवळ आला.

तेवढ्यात कानावर आवाज पडला. ठण्ण. थोडा वेळ काही नाही. पुन्हा ठण्ण. मागून, उजव्या बाजूनं. तिला आधी वाटलं, देऊळ असेल. मग वाटलं, डोकं फिरलं आपलं. पण आवाज ठराविक वेळानं येतच होता, जसा कोणी नेमून दिल्यासारखा वाजवतोय. ती थांबली. पुढच्या पावलाखालचं बर्फ तिला का कोण जाणे, पोकळ वाटलं. ती वळली, आणि आवाजाच्या दिशेनं निघाली.

धुक्यातून दरडावणारा आवाज आला. “कोन हाय तिकडं? डावीकडं जाऊ नोका! नाला हाय! आवाजावर या, आवाजावर!”

हा घरचा आवाज नव्हता. हा भट्टीवरचा आवाज होता, ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिला ओ द्यायलाही सुचलं नाही. ती गेली, गेली, आणि एका दगडावर उभी असलेली आकृती दिसली. पाठीवर गारा साचलेल्या, भुवया पांढऱ्या, एका हातात जेवायची थाळी, दुसऱ्या हातात चमचा.

मारोतरावांनी तिला पाहिलं आणि त्यांच्या हातातला चमचा खाली पडला.

“तू?” ते म्हणाले. “तू तं मघाशीच खाली गेली ना?”

“मी कुठून जाईन? भूत हाय का मी?”

“पाह्यलं ना मी! मरून शाल. त्या तिकडून गेली, हात बी हालवला तू मले.”

“ते सिंधू होती! शाल मी तिले देल्ली होती!”

मारोतराव दगडावरून खाली उतरले. वरची वाट, डावीकडची वाट आणि बायको, असं ते आळीपाळीनं बघत राहिले. ती कुठून आली हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. डावीकडूनच आली होती ती.

विजयाबाई त्यांच्या पुढ्यात उभी होती. अंगाला कापरं भरलं होतं, तरी एक गोष्ट तिला कळेना. “मंग तुमी इथं कावून उभे? सगळे तं गेले. मी बी गेली असंच वाटलं तुमाले. कोनाची वाट पाहून राहिले?”

“कोनाची म्हणजे?” मारोतराव म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नाही. “मागचे म्हणे, ‘संपले सारे, चला.’ पण रिलीवर नाई आला ना.”

विजयाबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मग दोन्ही एकदमच. बावीस वर्षं ज्या तीन शब्दांनी तिचं डोकं उठवलं होतं, त्या तीन शब्दांच्या पाया पडावंसं तिला वाटलं. दवाखान्यातली ती एकटी रात्र, वर्ध्याची ती गाडी, झाकून ठेवलेली ती सगळी थंड ताटं, सगळं तिला आठवलं, आणि पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही. धन्य तुझी माय, असं तिनं त्या भट्टीला मनातल्या मनात म्हटलं. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली हा माणूस तयार झाला असता तर शहाण्यासारखा कधीच खाली जाऊन चहा पीत बसला असता.

“चला आता,” डोळे पुसून ती म्हणाली.

मारोतराव घुटमळले. “शेषरावनं सांगतलं होतं, मानूस पाठवतो म्हणून.”

“अवो, मी मरून राहिली थंडीनं!”

“हाव, हाव, मले दिसून राहिलं. पण...” त्यांनी आपला मफलर काढून तिच्या गळ्याभोवती गुंडाळला, तिचे हात आपल्या हातात घेऊन चोळले, तिच्या घोट्याकडे बघून कळवळले, हे सगळं केलं, पण पाय काही दगडापासून हलेना. त्या माणसाची खरोखर ओढाताण होत होती. असं दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर वेडा म्हणाला असता. विजयाबाईला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती ओढाताण समोर दिसली. घरी यायचे ते नुसते थकलेले यायचे. त्याच्या आधी काय व्हायचं ते तिला कुठून दिसणार?

ती सरळ उभी राहिली. “द्या मले चार्ज.”

“तुले?”

“मंग? मी आली ना तुमच्या मागून? मीच तुमची रिलीवर. द्या.”

मारोतरावांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. मग त्यांनीही चेष्टा केली नाही. “हे पाहा,” त्यांनी बोट दाखवलं, “डावीकडची वाट बंद. कोनाले जाऊ नाई द्यायचं. उजवीकडची चालू, कॅम्पची. उतार निसरडा हाय. सामान एक थाळी.” त्यांनी थाळी तिच्या हातात दिली. चमचा उचलून पुसला आणि तोही दिला. “अन् एक चमचा. घेतला म्हण.”

“घेतला,” विजयाबाई म्हणाली.

तेव्हा मारोतरावांचे खांदे खाली आले. नुसते खांदेच नाही, सगळा माणूसच सैल पडला, आणि त्या सैल पडलेल्या माणसानं बायकोला जवळ ओढून तिच्या कानटोपीवर हनुवटी टेकवली. ती तशीच उभी राहिली, हातात थाळी घेऊन, ड्यूटीवर.

“मागं कोनी हाय का तुझ्या?” त्यांनी विचारलं.

“कोनी नाई. सगळे पुढं गेलेले आयकले मी. मीच शेवटची.”

“मंग चार्ज तुझा. तूच सांग.”

“बंद करा दुकान,” विजयाबाई म्हणाली. “चला घरी.”

उतार अवघड होता. तिनं सगळा भार त्यांच्या खांद्यावर टाकला आणि त्यांनी तो घेतला. वाटेत गारा थांबल्या, धुकं विरळ झालं आणि खाली पिवळे तंबू दिसले. अर्ध्या वाटेत शेषराव आणि गाइड धावत वर येताना भेटले. झालं असं होतं, की कॅम्पला सिंधुताईनं सांगितलं, विजया नवऱ्याजवळ आहे. शेषरावांनी माणसं मोजून पाहिली, दोघंच कमी. नवराबायको बरोबर आहेत, मागं कोणी नाही, येतील रमतगमत. आता कशाला माणूस पाठवायचा? कोणीही हाच विचार केला असता. सगळे आल्यावरही हा गडी तिथंच उभा राहील हे कोणाच्या स्वप्नात येणार? पण गारा लागल्या तरी दोघं येईनात, तेव्हा ते गाइडला घेऊन धावत निघाले. विजयाबाईचा पाय आणि तिची वाट कोणती होती हे कळल्यावर शेषरावांनी दोन्ही हात जोडले. गाइडनं डावीकडे नाल्याच्या दिशेला एकदा पाहिलं, मारोतरावांचा हात धरून कपाळाला लावला आणि विजयाबाईला दुसऱ्या बाजूनं आधार दिला.

कॅम्पवर सिंधुताई शाल हातात घेऊन रडत आली. विजयाबाईनं तिलाच थोपटून गप्प केलं. “तुझ्यामुळं काई नाई झालं बाई. झालं ते चांगलंच झालं.” हे तिनं समजूत घालायला म्हटलं नव्हतं. कोणाकोणाचे उपकार मानावेत हे तिलाच समजेना. आचाऱ्यानं कढत खिचडी दिली. शेषरावांच्या बायकोनं घोट्याला तेल चोळलं. कोणी मोजे दिले, कोणी गुळाचा खडा. एवढ्या माणसांनी एवढी माया करावी असं आपण काय केलं, असं तिला वाटत राहिलं, आणि त्या प्रत्येकाकडे ती भरल्या डोळ्यांनी बघत राहिली.

उन्हं कलली होती. तंबूच्या दाराशी दोघं खिचडी खात बसली. समोरच्या डोंगरावरचं बर्फ पुन्हा गुलाबी होत होतं, आणि या खेपेला मारोतराव ते बघत होते. स्वयंपाकाच्या तंबूत स्टोव्ह भकभकत होता, तरी उठले नाहीत. मग विजयाबाईनं विचारलं. इतकी वर्षं जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच, फक्त दुसऱ्या रस्त्यानं.

“एक सांगा. सिंधूच्या अंगावर माझी शाल नसती, तुमाले समजलं असतं मी वरच राह्यली म्हणून, तं काय केलं असतं तुमी?”

“काय केलं असतं म्हणजे?” मारोतराव चिडलेच. “पळालो असतो वर!”

“अन् जागा?”

“कायची जागा! तू वर एकटी, अन् मी इथं थाळी वाजवत उभा राहू? फाटा गेला चुलीत, शेषराव गेला चुलीत. पाह्यलं बी नसतं मागं. काय विचारून राहिली तू बी!”

विजयाबाईचा घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांत ऐकायला मिळालं नव्हतं ते आज असं, खिचडी खाता खाता, वैतागून तिच्या पदरात पडलं होतं. 

मारोतरावांची नजर वर, पठाराकडे गेली होती. धुक्यात हाका मारत वर धावत सुटलेला एक माणूस त्यांना तिथं दिसत असावा. आणि त्याच वेळी, खडकाआडून निघून, लंगडत, दुसऱ्याच अंगानं खाली येणारी एक बाई. खाली फाट्यावर कोणी नाही. थाळी नाही. डावीकडं सोपा उतार.

त्यांच्या हातातली वाटी कलली. विजयाबाईनं ती काढून खाली ठेवली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

“बरं झालं,” ती म्हणाली, “तुमाले नाई समजलं ते.”